फॅटी लिव्हर: यकृताच्या पेशींवरील भार उतरवण्याची रीत

वार्षिक आरोग्य तपासणीत पोटाची सोनोग्राफी होते आणि अहवालाच्या तळाशी ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ एवढी एकच ओळ असते. पोट दुखत नाही, भूक व्यवस्थित लागते, काविळीचे नावही नाही. त्यामुळे बहुतेक जण तो कागद फायलीत सरकवून मोकळे होतात. काही जण मात्र इतके धास्तावतात की त्याच संध्याकाळी औषधाच्या दुकानातून ‘लिव्हर टॉनिक’ची बाटली आणतात आणि कोणीतरी पाठवलेला एखादा काढाही सुरू करतात. पहिली वागणूक बेपर्वाईची आहे आणि दुसरी कधीकधी त्याहून घातक ठरते, कारण आधीच थकलेल्या अवयवावर संरक्षणाच्या नावाखाली आणखी एक ओझे चढवले जाते. यकृताला वाचवण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडे जाणारा माल कमी करण्याचे आहे आणि पुढील सर्व सूचना याच एका विचारातून आल्या आहेत.

पेशीत काय घडते

प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे असते आणि निरोगी अवस्थेत त्यात चरबी फारच थोडी असते. पाच टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसू लागले की त्या अवस्थेला फॅटी लिव्हर म्हणतात. ही चरबी तुपातेलातूनच थेट येते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांच्या आहारातील व रक्तातील स्निग्धाम्लांना (चरबीच्या मूळ घटकांना) समस्थानिकांच्या, म्हणजे ओळखता येतील अशा वेगळ्या वजनाच्या अणूंच्या, खुणा लावून चरबीचा माग काढण्यात आला, तेव्हा यकृतातील चरबीपैकी सुमारे ५९ टक्के शरीरातील चरबीच्या साठ्यांतून रक्तावाटे आलेली, २६ टक्के यकृताने स्वतः साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून बनवलेली आणि जेमतेम १५ टक्के आहारातील तेलतुपातून आलेली आढळली. इन्शुलिनला शरीर दाद देईनासे झाले की पोटाभोवतीच्या साठ्यांतून स्निग्धाम्ले मोकाट सुटतात आणि त्याच वेळी यकृतातील चरबी बनवण्याचा कारखानाही जोरात चालतो, म्हणून तूप सोडून गोड चहा चालू ठेवणाऱ्या माणसाच्या यकृतात फरक पडत नाही.

आता ऑक्सिडीकरणाच्या ताणाकडे वळू. पेशीतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) स्निग्धाम्ले जाळून ऊर्जा तयार करतात आणि या जळणात थोडे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण नेहमीच निसटतात. निरोगी पेशीत त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटॅलेजसारखी विकरे (एन्झाइम) असतात आणि ग्लुटाथिओन नावाचा छोटा रेणू असतो, जो यकृत ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांपासून स्वतःच बनवते. जळणाचा पुरवठा बेसुमार वाढला की निसटणारे कणही वाढतात आणि ही व्यवस्था अपुरी पडते. मग हे कण पेशीच्या आवरणातील असंतृप्त चरबीवर तुटून पडतात. कपाटात मागे राहिलेले शेंगदाण्याचे कूट काही आठवड्यांनी खवट होते, त्यामागची रासायनिक क्रिया मुळात हीच असते; यकृताच्या पेशीतील चरबी अशीच खवट होते, असे म्हटले तर शास्त्राला फारसा धक्का लागत नाही. जखमी पेशींची चाहूल लागताच यकृतातील कुप्फर नावाच्या संरक्षक पेशी दाह निर्माण करतात, तिथल्याच तारकाकृती पेशी कोलॅजनचे धागे विणू लागतात आणि वर्षानुवर्षे हे चालू राहिले तर फायब्रोसिस (यकृतात व्रणासारखे तंतू साचणे) व अखेरीस सिरॉसिस (यकृत कठीण आणि गाठाळ होणे) होतो. नुसती चरबी उतरते, दाहही शमतो, फायब्रोसिससुद्धा काही प्रमाणात मागे फिरतो. सिरॉसिसच्या टप्प्यावर मात्र परतीची वाट फार अरुंद असते.

या विकाराला २०२३ साली नवे नाव देण्यात आले, त्यामुळे अलीकडच्या अहवालांत एनएएफएलडीऐवजी एमएएसएलडी अशी अक्षरे दिसल्यास तो वेगळा आजार समजू नये.

आधी आकडे हाती घ्यावेत

सोनोग्राफीतील ‘ग्रेड’ चरबीबद्दल सांगते, फायब्रोसिसबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. खरा धोका फायब्रोसिसचा असतो. त्याचा अंदाज घेण्यासाठी फिब-फोर नावाचे एक सोपे सूत्र आहे आणि त्याला लागणारे तीन आकडे बहुतेकांच्या फायलीत आधीपासून पडून असतात: एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची दोन विकरे आणि प्लेटलेटची संख्या. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेटच्या संख्येला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे.

उदाहरण म्हणून ४८ वर्षांच्या एका गृहस्थांचा कागद डोळ्यांसमोर आणू. एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २.१ लाख. सूत्रात प्लेटलेट हजारांत घेतात, म्हणून २१० लिहावे. येथेच बहुतेकांची चूक होते. ४८ गुणिले ५२ म्हणजे २४९६. ६४ चे वर्गमूळ ८, त्याला २१० ने गुणले की १६८०. भागाकार येतो सुमारे १.४९. हा आकडा १.३ पेक्षा कमी असता तर पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी मानली असती आणि २.६७ पेक्षा अधिक असता तर यकृततज्ज्ञांकडे त्वरित जावे लागले असते. १.४९ मध्ये कुठेतरी पडतो, म्हणून या गृहस्थांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी, करून घ्यावा. पासष्टीपुढील व्यक्तींसाठी खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात आणि पस्तिशीच्या आतील व्यक्तींत हे सूत्र भरवशाचे नसते. एसजीपीटी प्रयोगशाळेच्या मर्यादेत आले म्हणून यकृत निर्धोक आहे, असाही निष्कर्ष काढू नये; चरबी आणि दाह असूनही तो आकडा साधारण दिसू शकतो.

याच वेळी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांतील सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) आणि रक्तदाब पाहून घ्यावा, तसेच हिपॅटायटिस बी आणि सी यांची चाचणी एकदा करून घ्यावी. बी झालेला नसेल आणि लस घेतलेली नसेल, तर ती घ्यावी.

कंबर मोजावी, पँटचा नंबर नव्हे

आपल्याकडील पुष्कळ पुरुष पट्टा ढेरीच्या खाली बांधतात आणि वीस वर्षे एकच नंबर येतो, याचे समाधान मानतात. मोजपट्टी शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये धरावी, श्वास सहज सोडावा आणि मग आकडा वाचावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

वजन काट्यावर कमी असल्याने निश्चिंत राहणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. हातपाय सडपातळ आणि पोट सुटलेले, ही शरीरयष्टी आपल्या घराघरांत आहे आणि फॅटी लिव्हर तिला सोडत नाही.

वजन किती उतरवावे, याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. ३ ते ५ टक्के वजन घटल्यास यकृतातील चरबी कमी होऊ लागते, ७ टक्क्यांपुढे दाह शमण्याची शक्यता चांगली असते आणि १० टक्के घटल्यास अनेकांत फायब्रोसिसही सुधारतो. ८० किलोच्या माणसासाठी याचा अर्थ अनुक्रमे अडीच ते चार, साडेपाच-सहा आणि आठ किलो असा होतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा आहे. उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्यांच्या यकृतावर साठ्यांतून सुटलेल्या स्निग्धाम्लांचा लोंढा येतो आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

किराणा यादीतील साखर

सर्वांत अधिक लाभ येथे आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळणे योग्य ठरेल. साखरेच्या रेणूत अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज सगळे शरीर वापरते. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतालाच निस्तरावा लागतो आणि ग्लुकोजच्या मार्गावर पेशी जो लगाम घालू शकते, तो फ्रुक्टोजच्या मार्गावर नसतो. माल येईल तसा आत घेतला जातो, पेशीची ऊर्जा खर्च होते, यूरिक आम्ल तयार होते आणि उरलेल्या मालाची चरबी बनते.

आपण किती साखर खातो, हे चमचे मोजून कळत नाही, कारण कोणीही खरे मोजत नाही. वाणसामानाची यादी मात्र खोटे बोलत नाही. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर लागत असेल, तर दरडोई दररोज सुमारे ४२ ग्रॅम होते आणि त्यात बिस्किटे, जॅम, सॉस, मिठाई व थंड पेये धरलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली अधिक चांगली मर्यादा सुमारे २५ ग्रॅमची आहे. म्हणून पुढच्या महिन्यापासून याच घरात तीनच किलो साखर आणावी आणि संपली तर मध्येच आणू नये. व्यक्तिगत निश्चयापेक्षा रिकामा डबा अधिक प्रभावी असतो, असे माझे मत आहे. चहातील साखर दर पंधरवड्याला अर्ध्या चमच्याने कमी केली, तर जिभेला फारसे जाणवत नाही.

गुळाचा चहा हा यावरचा तोडगा नव्हे. गुळात लोह आणि खनिजे किंचित असली, तरी तो प्रामुख्याने साखरच असतो आणि मधात तर फ्रुक्टोजचे प्रमाण चांगलेच असते. उन्हाळ्यात रसवंतीगृहात घेतलेला उसाचा रसही यकृताच्या दृष्टीने साखरेचे पाणीच आहे. अख्खे फळ मात्र खावे, कारण त्यातील चोथा साखरेचा वेग मंदावतो. एक आंबा चोखून खाणे आणि पुरीबरोबर दोन वाट्या आमरस रिचवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताट

मराठी ताटाची रचना मुळात चांगली आहे. बिघडले आहे ते वाढण्याचे प्रमाण. भात, पोळी, बटाट्याची भाजी आणि वर पापड असे जेवण म्हणजे चार नावांखाली एकच पिष्ट. पोळी किंवा भाकरी यांपैकी एक आणि भात मोजका ठेवावा, भाजी व कोशिंबीर मिळून अर्धे ताट भरावे आणि प्रत्येक जेवणात मटकीची उसळ, झुणका, घट्ट वरण, दही, अंडे किंवा मासळी यांपैकी काहीतरी हवेच. बांगडा आणि तारली या किनारपट्टीवरील स्वस्त मासळीत ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात; मात्र ती रव्यात घोळवून तळण्यापेक्षा तिखल्यात किंवा आमटीत शिजवावी.

अंड्याविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. यकृताला साचलेली चरबी बाहेर पाठवण्यासाठी तिचे आवेष्टन करावे लागते आणि त्या आवेष्टनासाठी कोलीन नावाचे पोषकद्रव्य लागते. एका अंड्यात सुमारे दीडशे मिलिग्रॅम कोलीन असते आणि ते जवळजवळ सगळे पिवळ्या बलकात असते. बलक फेकून पांढरे तेवढे खाणारे लोक यकृतासाठी उपयोगाचा भागच टाकून देतात. शाकाहारी व्यक्तींना सोयाबीन, हरभरा आणि फ्लॉवर यांतून कोलीन मिळते, मात्र कमी प्रमाणात.

उपवासाच्या दिवसांबद्दल वेगळे सांगावे लागते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण यकृताच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर बटाटा, वर साखर घातलेले दही आणि संध्याकाळी केळ्याचे वेफर. उपवास करावयाचाच असेल तर वरीचा मोजका भात, दाण्याची आमटी, काकडी आणि ताक पुरेसे आहे. शेंगदाणे निवडून घ्यावेत. बुरशी आलेल्या किंवा सुरकुतून काळ्या पडलेल्या दाण्यांत यकृताला घातक असलेले अफ्लाटॉक्सिन असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही.

तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवले की ते कढईतच ऑक्सिडीकृत होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा तेलातील ध्रुवीय संयुगांची (तेल खराब होताना बनणाऱ्या पदार्थांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, परंतु घरी ती मोजता येत नाही. तेल काळसर, चिकट किंवा फेसाळ झाले की टाकून द्यावे. कॉफी आवडत असल्यास बिनसाखरेचे दोन-तीन कप घ्यावेत, कारण नियमित कॉफी घेणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो. आवडत नसल्यास औषध म्हणून सुरू करण्याची गरज नाही.

चालणे, झोप आणि मद्य

आठवड्याला १५० मिनिटे दमदार चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, म्हणजे उठाबशा, जोर किंवा वजने, एवढे पुरे. वजन तसूभर हलले नाही तरी व्यायामाने यकृतातील चरबी घटते, कारण कामाला लागलेले स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतात आणि यकृताच्या वाट्याला कमी माल येतो. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या व्यक्तींनी झोपेतील श्वासरोधाची तपासणी करावी. रात्रभर प्राणवायू वरखाली होणे हाही पेशींवरचा ऑक्सिडीकरणाचाच ताण आहे.

फॅटी लिव्हर असताना मद्य पूर्ण बंद ठेवावे. ‘मी फक्त बिअर घेतो’ हा युक्तिवाद हिशेबात टिकत नाही: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, तर व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. एक बाटली म्हणजे चार पेग झाले.

बाटल्या, कॅप्सूल आणि काढे

ऑक्सिडीकरणाचा ताण आहे, मग अँटिऑक्सिडंटची गोळी घ्यावी, हा तर्क सरळ वाटतो. प्रत्यक्षात तो फारसा सिद्ध होत नाही. ई जीवनसत्त्वाचा अपवाद महत्त्वाचा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या आणि यकृतदाह सिद्ध झालेल्या रुग्णांना दररोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व ९६ आठवडे देण्यात आले, तेव्हा ४३ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांत ती १९ टक्के होती. मात्र फायब्रोसिसमध्ये लक्षणीय फरक पडला नाही आणि २०११ साली आलेल्या दुसऱ्या एका चाचणीत दररोज ४०० युनिट घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. केसांसाठी आणि त्वचेसाठी सर्रास गिळल्या जाणाऱ्या त्या हिरव्या कॅप्सूल यकृतासाठी घ्यावयाच्या असतील, तर निर्णय यकृततज्ज्ञाचा असावा.

‘वनस्पतीचे आहे, अपाय काय होणार’ या वाक्यापासून तर दूरच राहावे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा घेतला जात होता आणि २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत स्वप्रतिकारी स्वरूपाचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याने होणारा) यकृतदाह आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. तरीही आधीच आजारी असलेल्या यकृताचा विचार करता सावधपणाच शहाणपणाचा. हळदीचेही तसेच आहे: फोडणीतील चिमूटभर हळद निर्धोक आहे, परंतु मिरीचा अर्क मिसळलेल्या जादा मात्रेच्या हळदीच्या कॅप्सूल आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जे काही घेत असाल, ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. त्या बाटल्याच पिशवीत घालून नेल्या तर उत्तम.

पॅरासिटामॉलचा संबंध थेट ग्लुटाथिओनशी आहे. या औषधाचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथिओन त्याला निकामी करते. मात्रा अति झाली की साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. निरोगी प्रौढासाठी दिवसाला चार ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे आणि मद्य घेणाऱ्यांसाठी व उपाशी असलेल्यांसाठी ती बरीच खाली येते. ६५० मिलिग्रॅमची गोळी आणि सर्दीच्या गोळीत दडलेले पॅरासिटामॉल यांची बेरीज करण्याची सवय ठेवावी. याउलट, कोलेस्टेरॉलसाठी दिलेले स्टॅटिन ‘लिव्हरला त्रास होईल’ म्हणून परस्पर बंद करू नये. फॅटी लिव्हरमध्ये ते सहसा सुरक्षित असते आणि या रुग्णांना हृदयविकाराचा धोकाही मोठा असतो.

औषधांच्या आघाडीवर भारतात २०२० साली सॅरोग्लिटाझारला, तर अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला या विकारासाठी मान्यता मिळाली. कोणाला कोणते द्यावे, हे फायब्रोसिसच्या टप्प्यावरून ठरते.

पुन्हा तपासणी

तीन महिन्यांनी वजन, कंबर, एसजीपीटी आणि साखर पाहावी. शक्यतो तीच प्रयोगशाळा ठेवावी, कारण वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे ताडून पाहणे अवघड जाते. फायब्रोस्कॅन झाला असल्यास तो सहा महिने ते वर्षाने पुन्हा करावा आणि त्याआधी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवल्यानंतर यकृतातील रक्तप्रवाह वाढून ताठरपणाचा आकडा खोटा वर जातो. अहवालात आठ किलोपास्कलपेक्षा कमी आकडा दिलासा देणारा असतो. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी होऊन ते फुगणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा बोलण्यात असंबद्धपणा येणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीची तारीख न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.